पहिला नंबर आजोबांचा

देवळाच्या मंडळाच्या लियाऊ अध्यक्षांनी तो डबा माझ्या दुकानातून घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्या मनातली मळमळ निघून जाईल आणि बाकीचं सरळ सांगता येईल.

डबा म्हणजे स्प्लिटर. साबणाच्या वडीएवढी वस्तू. एका बाजूने कॅमेऱ्याची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूने चार वायरी चार टीव्हींकडे जातात, आणि चौघांवर एकच चित्र दिसतं. माझ्याकडे दोन प्रकारचे होते, दोन्ही उत्तम. पण अध्यक्षांनी फोनवर बोट फिरवून कुठून तरी स्वस्तातला मागवला आणि जोडायला मात्र मला बोलावलं. आमच्या गल्लीत टीव्ही, पंखा, भाताचा कुकर, काहीही बिघडलं की 'ग्योक इलेक्ट्रिक'ची आठवण होते. विकत घेताना होत नाही.

"आ-ग्योक, अर्ध्या तासाचं काम आहे," अध्यक्ष म्हणाले.

"अर्ध्या तासाचं आहे तर तुम्हीच करा ना."

"असं काय करतेस? आजोबांचा वाढदिवस आहे."

आजोबा म्हटल्यावर मी पक्कड उचलली. आजोबा म्हणजे आमचे भूमिदेव. दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या तिथीला त्यांचा वाढदिवस. त्या दिवशी त्यांना शेंगदाणे, मोची म्हणजे तांदळाचे चिकट लाडू आणि एक बाहुल्यांचा खेळ द्यायचा, हे ठरलेलं. खेळ आजोबांसाठी असतो. माणसांनी बघितला तर बघितला.

आणि माणसांनी बघणं सोडलंच होतं. मागच्या वर्षी साठ खुर्च्या मांडल्या होत्या, त्यात अकरा माणसं, त्यातली चार झोपलेली. हातमोज्यासारखी हातात घालायची बाहुली ती, वीतभर, तिचं डोकं अंड्याएवढं. तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला काही दिसत नाही. लोक फोन बघत बसतात आणि मग हळूच उठून जातात. म्हणून मंडळाच्या बैठकीत ठरलं होतं की या वर्षी कॅमेरा आणि मोठे टीव्ही लावून बघू. खुर्च्या शेवटपर्यंत भरलेल्या राहिल्या तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून नाचगाण्याची रोषणाईवाली गाडी बोलवायची.

बुन-हाय काकांना हे माहीत होतं. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि बावन्न वर्षं आजोबांपुढे बाहुल्या नाचवताहेत. आधी त्यांच्याकडे चौदा देवळं होती. एकेक सुटत गेलं. आता हे एकच उरलं आहे. हे गेलं की रंगमंचाची निळी गाडी विकायची आणि बाहुल्या पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकायची, असं ते मला सांगत होते, आणि सांगताना हसत होते. मला त्या हसण्याचा राग आला. मी सात वर्षांची असताना याच माणसाच्या खरखरणाऱ्या भोंग्याच्या मशीनवर मला बाबांनी वायरींना सोल्डरचा डाग द्यायला शिकवलं. माझं दुकान एका अर्थाने त्यांच्या खरखरीवर उभं आहे.

काका गाडीच्या मागे बनियनवर उभे होते. बनियनला पाठीवर मुठीएवढं भोक.

"हे बघ," त्यांची बायको, किम-ह्यो काकू, मला म्हणाल्या, "तीन वर्षं सांगतेय, नवीन घ्या, नवीन घ्या."

"मला कोण बघतंय? बघतात ते बाहुल्यांना," काका म्हणाले. "आणि आता राहिलेत किती खेळ? एवढ्यासाठी नवीन बनियन?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि बाहुल्यांचे झगे झटकायला लागल्या. मी वायरींचं वेटोळं उचललं.

आता जागा कशी होती ते सांगते. देवळाच्या छपराचं काम चालू आहे, म्हणून आजोबांना तात्पुरतं गल्लीच्या पलीकडे, लियाऊंच्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीत बसवलं होतं. अंगण अलीकडे, पत्र्याच्या छपराखाली. काकांची गाडी नेहमीप्रमाणे अंगणाच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून. म्हणजे ज्यांच्या वाढदिवसाचा खेळ, त्यांच्याकडेच गाडीची पाठ. गाडी फिरवली तर आजोबांना खेळ दिसेल, पण साठ खुर्च्यांना गाडीचं ढुंगण दिसेल. यावर अध्यक्षांनी तोडगा काढला होता: आजोबांपुढे टीव्ही ठेवायचा. दोन मोठे टीव्ही अंगणात, एक शेवया परतणाऱ्या बायकांच्या मांडवात आणि एक आजोबांना. झाले चार.

आजोबांचा टीव्ही त्यांचा स्वतःचा होता. अध्यक्षांच्या कैलासवासी वडिलांना लॉटरी लागली तेव्हा त्यांनी वाहिलेला, चौकोनी तोंडाचा, कडेला सोनेरी अक्षरांत दात्याचं नाव. वीस वर्षांचा उदबत्तीचा धूर खाऊन तो टीव्ही चहाच्या किटलीसारखा तपकिरी झाला होता.

मी वायरी ओढल्या, पायात अडकू नयेत म्हणून चटया टाकल्या आणि डब्याला वायरी लावायला बसले. एक नंबरला आजोबा, दोन आणि तीनला अंगण, चारला शेवया. कुणी सांगायलाही लागलं नाही. आमच्या गल्लीत आजोबांना पहिला नंबर सोडून दुसरा कुणी दिला असता असं मला वाटत नाही.

"काका, एक बाहुली दाखवा," मी ओरडले.

काकांनी म्हाताऱ्या मंत्र्याला वर काढलं. चारही टीव्हींवर चित्र आलं. पण काय चित्र! मंत्री पसरट, नाकडोळे पुसल्यासारखे, दाढी आणि झगा एकच.

मांडवातून पुई-खिम वहिनी झारा घेऊन बाहेर आल्या. "आ-ग्योक, हा मंत्री आहे का वाफवलेला बन?"

"टीव्ही जुळवतेय, थांबा."

"बन असेल तर सांग, आत मटणाचं सारण तयार आहे."

मी कॅमेरा पुसला. वायरी बदलल्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले आणि बाहेर आले. बन तो बनच. अंगणात माणसं येऊन खुर्च्यांवर रुमाल टाकायला लागली होती. पडद्याच्या फटीतून काकांचा एक डोळा टीव्हीकडे लागला होता. एवढ्या मोठ्या टीव्हीवर बाहुलीचे डोळे दिसले नाहीत तर माणसं दहा मिनिटांत उठणार, हे मला जसं कळत होतं तसं त्यांनाही कळत होतं.

मी खाली बसले आणि डब्याकडे बघत राहिले. मग डोक्यात उजेड पडला, आणि डोकं तापलंही. चांगल्या डब्याला एक कळ असते, तिने ठरवता येतं की चित्र कसलं मागायचं. या स्वस्त डब्याला ती कळ नव्हती. हा फक्त एक नंबरवाल्याला विचारतो, तुला काय झेपतं? तो जे सांगेल तेच चित्र कॅमेऱ्याकडून घेतो आणि सगळ्यांना वाटतो. आणि एक नंबरला कोण? वीस वर्षांचा, धुराने माखलेला, जाड ठिपक्यांचं चौकोनी चित्र सोडून काही न समजणारा टीव्ही. त्याच्यापायी बाकीचे तिघे आंधळे झाले होते.

मी इकडेतिकडे बघितलं. अध्यक्ष शेंगदाण्यांच्या पोत्याशी होते. मी एक नंबरची वायर काढली, अंगणातला मोठा टीव्ही तिथे लावला, शेवयांची वायर दोनमध्ये सरकवून आजोबांची चारमध्ये खोचली आणि वीज पुन्हा चालू केली.

मंत्र्याचे डोळे दिसले. नुसते डोळे नाही, डाव्या भुवईवरचा रंग उडालेला टवकासुद्धा दिसला. काकांनी त्याची मान जराशी वळवली, आणि तो अख्ख्या अंगणाकडे बघून कुणाला तरी शोधतोय असं वाटलं. पुई-खिम वहिनींचा झारा तसाच हवेत राहिला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तर माझ्या सासऱ्यांसारखा बघतोय."

आणि नेमके अध्यक्ष आले. त्यांची नजर डब्यावर गेली. आकडे वाचता येतात त्यांना, दुर्दैवाने.

"आजोबा चार नंबरला?"

"अहो, नुसती भोकं आहेत ती."

"चार? चार म्हणजे मरणाचा आकडा! अगं, दवाखान्यात चौथ्या मजल्याला कुणी चार म्हणत नाही, आणि तू आजोबांना वाढदिवसाच्या दिवशी चार नंबर देतेस?"

"बरं, दोनला लावते."

"दोनला? मग एकला कोण? खुर्च्या?"

"अध्यक्ष, पहिला सोडून कुठलाही द्या. पहिला दिला की सगळे बन दिसतात."

"आजोबांना पहिला सोडून कुठलाही! ऐकलंत का?" ते अंगणाला म्हणाले, आणि अंगणाने ऐकलं. दोनतीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. "आणि माझ्या वडिलांनी वाहिलेला टीव्ही आहे तो."

"म्हणूनच तर मुलासारखा हट्टी आहे."

हे मी बोलायला नको होतं. पण माझं तोंड असंच आहे, ते आधी बाहेर पडतं आणि मी मागून येते.

एवढा वाद झाला की आमच्याकडे एकच मार्ग उरतो. आम्ही सगळे गल्ली ओलांडून वजनकाट्याच्या खोलीत गेलो. आजोबा काट्यावरच बसले होते, लाल कापडावर, दाढी छातीपर्यंत, समोर शेंगदाणे. अध्यक्षांनी कौलाचे दोन लाल लाकडी ठोकळे उचलले. एक उताणा, एक पालथा पडला तर आजोबांचं हो. दोन्ही पालथे पडले तर नाही. दोन्ही उताणे पडले तर आजोबा हसले, म्हणजे प्रश्नच चुकला.

अध्यक्षांनी आपलं नाव सांगितलं, घर नंबरासकट पत्ता सांगितला आणि बैठकीतल्या आवाजात विचारलं, "आजोबा, तांत्रिक अडचणीमुळे आपला टीव्ही दोन नंबरवर लावायला परवानगी असावी."

दोन्ही उताणे. हसले.

"तीन नंबरवर?"

हसले.

"आपल्याला नवीन टीव्ही घ्यावा काय? मोठा? एक नंबरवरच लावू."

ठोकळे टणटण उडाले आणि पुन्हा उताणे पडले. अध्यक्षांच्या मानेवरून घाम ओघळत होता. खेळाला तासभरही उरला नव्हता.

"पुन्हा पुन्हा हसताहेत," अध्यक्ष हळूच म्हणाले. "का हसताहेत?"

"हसणार नाही तर काय?" मी म्हणाले. "त्यांच्या वाढदिवसाला तुम्ही त्यांना भोकांचे नंबर विचारताय."

मागून काकू पुढे आल्या. हातात एका राजकन्येचा झगा, त्यात सुई तशीच लटकलेली. त्या आजोबांशी घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात.

"सरका," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "आजोबा, मी किम-ह्यो. पत्ता तुम्हाला माहीत आहे. खेळ तुमच्याकडे पाठ करून चाललाय. तुम्हाला टीव्ही नकोच आहे, हो ना? तुम्हाला खेळच बघायचाय, समोरासमोर."

एक उताणा, एक पालथा.

काकूंनी पुन्हा टाकले. हो. तिसऱ्यांदा टाकले. हो.

"म्हणजे गाडी फिरवायची," अध्यक्ष म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "आणि साठ खुर्च्या?"

मला आतून हसू फुटलं. "खुर्च्यांना टीव्ही आहेत की! आजोबा खेळ बघतील, माणसं टीव्ही बघतील. आजोबांना डब्यातून काढलं की पहिल्या नंबरचं भांडणच मिटलं."

सगळे खूश झाले. एक माणूस सोडून.

"गाडीची मागची बाजू लोकांकडे?" काका म्हणाले. "मागची बाजू कुणी कुणाला दाखवतं का? मागे काय आहे? खुंट्या, पेट्या, थर्मास, चपला, आणि मी!"

"मग काय झालं?"

"पोरी, बावन्न वर्षांत मला खेळताना कुणी बघितलेलं नाही. बघितलं तर जादू जाते." मग आवाज खाली आला. "आणि हाताचं तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी सेनापतीची उडी चुकली होती. उजव्या हातातून बाहुली वर फेकायची आणि खिडकीच्या पलीकडे डाव्या हातात झेलायची. बाहुली खाली पडली होती. पडद्याआड होती म्हणून कुणाला कळलं नाही. सेनापती पळून गेला असं समजून लोकांनी सोडून दिलं. पण मी मशीनपाशी होते. पडलेली बाहुली उचलताना काकांचा हात कसा थरथरत होता ते मी बघितलं होतं.

"आजोबांनी तीन वेळा हो म्हटलंय," काकू म्हणाल्या. "त्यांना जाऊन नाही सांगा."

काकांनी चष्मा पुसला आणि निमूटपणे गाडीत चढले. ती निळी गाडी गल्लीत फिरवायला पंचवीस मिनिटं लागली. 'मागे घ्या, मागे घ्या, अहो भिंत!' असं नऊ माणसं नऊ दिशांनी ओरडत होती. शेवटी गाडीचं तोंड आजोबांकडे झालं. मी कॅमेरा गल्लीत लावला, आजोबांच्या नजरेत येऊ नये म्हणून जरा बाजूला. मोठे टीव्ही गाडीच्या दोन्ही अंगांना टांगले. डब्याच्या एक नंबरला नवीन टीव्ही लावला. कुणी हूं की चूं केलं नाही.

तीन वाजता फटाके वाजले आणि खेळ सुरू झाला. लोकांनी आधी टीव्ही बघितले. मंत्री चालला, थांबला, घसा खाकरला, आणि त्याच्या नाकाचं टोकसुद्धा शेवटच्या रांगेला दिसलं. मग हळूहळू एकेकाची मान टीव्हीवरून मधे वळायला लागली. तिथे भोकाचं बनियन घातलेला एक म्हातारा दोन्ही हात डोक्यावर धरून उभा होता. मंत्र्याच्या घोगऱ्या आवाजात बोलून तोच पुढच्या श्वासाला राजकन्येच्या आवाजात रडत होता, आणि मधल्या अर्ध्या श्वासात नळीने चहा पीत होता. पायाने फळी बडवत होता, तो घोडा होता. एक हात खाली आला की काकू त्यावरची बाहुली ओढून दुसरी चढवायच्या, न बघता, पापणी लवायच्या आत. टीव्हीवर राजवाडा भरत होता आणि रिकामा होत होता, आणि इकडे दोन म्हातारी माणसं चार हातांनी तो भरत होती.

"किम-ह्यो काकूपण खेळतात?" पुई-खिम वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "मला वाटायचं त्या जेवणाचा डबा घेऊन येतात." त्यांनी गॅस बंद करून टाकला होता. शेवया तशाच कढईत.

मी खुर्च्या मोजल्या नाहीत. मोजायची गरजच नव्हती. माणसं खुर्च्यांच्या मागे उभी होती.

मग सेनापतीची उडी आली. टीव्हीवर सेनापती तटाच्या खिडकीशी उभा राहिला, शत्रू मागे. इकडे काकांचा डावा हात खिडकीच्या पलीकडे गेला, रिकामा, बोटं उघडी. तो थरथरत होता. सगळ्यांना दिसलं. पुढून बघणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. मला वाटलं, मीच ही गाडी फिरवायला लावली, आता हा हात साऱ्या गावापुढे चुकणार.

काका थांबले. काकूंनी राजकन्या खाली ठेवली आणि आपला हात त्यांच्या पाठीवर, बरोबर त्या भोकावर ठेवला. सेनापती वर उडाला. टीव्हीकडे तेव्हा कुणीच बघत नव्हतं. बाहुली हवेत एकदा गोल फिरली, आणि त्या थरथरत्या हाताने ती अशी झेलली, जशी काही ती तिथेच राहत होती.

टीव्हीवर सेनापतीने दाढीवरून हात फिरवला. मी रडले. उगाच का खोटं बोलू?

खेळ संपला तेव्हा काकांनी नेहमीसारखं मंत्र्याला आणि सेनापतीला पुढे आणून वाकवलं. पुढे आजोबा आणि शेंगदाणे. टाळ्या पाठीमागून आल्या. काका दचकले. बावन्न वर्षांत टाळ्या कधी पाठीमागून आल्या नव्हत्या. हात वर तसेच, बाहुल्या तशाच, ते वळले. समोर अख्खं अंगण उभं होतं आणि त्यांच्याकडे बघत होतं, बाहुल्यांकडे नाही. त्यांनी घाईने मंत्री आणि सेनापती बनियनसमोर धरले आणि दोघांना पुन्हा वाकवलं.

"त्यांना नको, तुम्ही वाका," म्हणून काकूंनी त्यांची मान खाली दाबली.

अध्यक्ष गर्दीतून वाट काढत आले. घसा साफ केला. त्यांना पुढचं वर्ष सतावत होतं, हे मला दिसत होतं. पुढच्या वर्षी छप्पर झालेलं असणार, आजोबा घरी परतलेले असणार.

"बुन-हाय काका, पुढच्या वर्षी असं करू," ते म्हणाले. "तुमचं तोंड आजोबांकडे आणि आमच्या खुर्च्या तुमच्या मागे, गल्लीत. गल्ली मी बंद करवून घेतो. टीव्ही असेच. आ-ग्योक, तो चांगला डबा तुझ्याकडे आहे ना? तोच आण."

"आता बरा आठवला माझा डबा," मी म्हणाले.

काकांनी बाहुल्या हळूच काढल्या, झग्यांच्या घड्या घातल्या, पेटीचं झाकण लावलं. मी वायरी गुंडाळत होते तेव्हा ते माझ्याजवळ आले. मागे वळून काकू ऐकत नाहीत ना ते बघितलं.

"पोरी," ते म्हणाले, "बाजारात तो बनियनवाला किती वाजेपर्यंत असतो?"